गोव्याच्या हवेत गाडीची जुनी लेदर सीट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेदर सीटबद्दल जे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात ते बहुतेक कोरड्या हवेच्या देशांत लिहिलेले असतात. तिकडे कातडे सुकून तडकते, म्हणून कंडिशनर, म्हणजे कातडे मऊ ठेवायचा लेप, लावत राहा असे सांगतात. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांपर्यंत जाते. इथल्या सीट सुकून मरत नाहीत. त्यांचा घात घाम, खारी हवा, बुरशी आणि मालकाने प्रेमाने चोळलेले तेल करते. त्यामुळे खालच्या सगळ्या उत्तरांमागे आमची भूमिका एकच आहे: पुसा वरचेवर, कंडिशनर लावा क्वचित.

माझी सीट खऱ्या लेदरची आहे की रेक्झीनची?

सगळ्यात आधी हे ठरवा, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘लेदरेट’ लिहिलेले असते. लेदरेट म्हणजे कृत्रिम कातडे, आपल्या बोलण्यातले रेक्झीन. ज्या गाडीत खरे लेदर असते तिथेही पुष्कळदा फक्त बसायचा आणि पाठ टेकायचा भाग लेदरचा असतो. सीटची मागची बाजू, कडा आणि डोके टेकायच्या उशीचा मागचा भाग रेक्झीनचाच असतो.

बोटाने सीट दाबून पाहा. खऱ्या लेदरवर बोटाभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात. रेक्झीन बहुधा नुसते आत दबते. सीटच्या खाली, आवरण जिथे दुमडून अडकवलेले असते, तिथे कडा दिसली तर मागची बाजू पाहा: लेदर असेल तर केसाळ तंतू दिसतील, रेक्झीन असेल तर विणलेले कापड. काडी पेटवून पाहायचा प्रयोग कुणी सांगितला तर करू नका. त्यातून फक्त सीटला भोक पडते.

सीट नवी होती तेव्हापेक्षा आता जास्त चकाकते. हे चांगले लक्षण ना?

नाही. बहुतेक गाड्यांचे लेदर कारखान्यातून मंद, मॅट दिसणारेच येते. तुकतुकीत चमक म्हणजे घाम, अंगाचे तेल, सनस्क्रीन आणि धूळ यांचा बसलेला थर. साफ केल्यावर सीट पुन्हा मॅट दिसायला लागली की काम बरोबर झाले असे समजा.

मग सीट झिजते ती नेमकी कशाने?

गाडीतल्या लेदरवर जवळजवळ नेहमी रंगाचा एक थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. आपण बसतो, पुसतो, चोळतो ते सगळे या थरावर. खालचे कातडे सहसा ठणठणीत असते. झिजतो तो वरचा थर. तो पातळ झाला की रंग जातो, मग बारीक भेगा पडतात आणि शेवटी त्या भेगांतून घाम आणि पाणी कातड्यात उतरते.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे चालक उजव्या दारातून आत शिरतो आणि प्रत्येक वेळी सीटच्या उजव्या उंचवट्यावर घसटत बसतो. म्हणून चालकाची सीट नेहमी उजव्या बाजूला आधी जाते. जुनी गाडी विकत घेताना मीटरवरच्या किलोमीटरइतकेच त्या उंचवट्याकडे लक्ष द्या. कमी धावलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीची तिथली कड पांढरी पडून खरखरीत झाली असेल, तर विकणाऱ्याला आणखी प्रश्न विचारायला हवेत.

थर झिजवायला मळ हातभार लावतो. मळात धुळीचे कण असतात आणि बसता-उठता ते पॉलिश पेपरसारखे काम करतात. डिचोली, साखळी, उसगावकडे रोज ये-जा करणाऱ्यांच्या गाडीत लाल धूळ असते. ती लोहखनिजाची, चांगलीच टणक. तिकडच्या गाड्यांच्या सीटचा रंग आधी उतरतो तो उगाच नाही.

घरच्या घरी साफ करायची योग्य पद्धत कोणती?

सावलीत आणि सीट थंड असताना करा. उन्हात तापलेल्या सीटवर क्लीनर लगेच सुकतो आणि पांढरट ओघळ राहतात.

आधी व्हॅक्यूम. हे टाळून थेट ओले फडके फिरवले तर धूळ सीटवर घासली जाते. मऊ ब्रशचे तोंड लावा आणि शिवणीच्या खाचा, बसायचा भाग आणि पाठ यांच्यामधली फट नीट काढा. अर्धी घाण तिथेच असते.

मग पाण्यावर आधारलेला लेदर क्लीनर घ्या. तो सीटवर कधीही थेट फवारू नका. मऊ ब्रशवर किंवा स्पंजवर घ्या आणि ताटलीएवढा भाग एका वेळी, हलक्या हाताने, गोल गोल फिरवत करा. फेस तपकिरी होताना दिसेल. तो सुकायच्या आत किंचित ओल्या, घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. फडक्याची घडी बदलत राहा, नाहीतर काढलेला मळ पुढच्या भागात जाऊन बसतो.

फिकट सीटवर हे काम पाहण्यासारखे असते. बेज रंगाच्या सीटचा उजवा उंचवटा एकदा पुसला तर फडक्यावर चहाच्या रंगाचा डाग उमटतो. दुसऱ्या फेरीत तो फिकट पिवळा येतो. शिवणीतला दोरा, जो काळा आहे असे वाटत होते, तो मुळात सीटच्याच रंगाचा निघतो. फडके पांढरे निघू लागले की थांबा. त्यापुढे घासले तर मळ निघत नाही, रंग निघू लागतो. फडक्यावर सीटचाच रंग यायला लागला तर त्या जागी लगेच हात थांबवा: तिथला पारदर्शक थर संपलेला आहे आणि त्या भागाला आता रंगकामाची गरज आहे.

कुठलाही नवा क्लीनर आधी सीटच्या मागे, खाली, न दिसणाऱ्या जागी लावून पाहायचा. महागड्या बाटलीलाही हा नियम लागू आहे.

सगळे झाल्यावर चारही दारे उघडी ठेवून सुकू द्या. पावसाळी दिवस असेल तर इंजिन सुरू करून एसी लावा. एसी हवेतले पाणी ओढून घेतो, त्यामुळे सीट पंख्यापेक्षा लवकर सुकते. मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

लेदर क्लीनर नसेल तर घरातला कुठला साबण चालेल?

लेदर किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४ ते ५. कपडे धुण्याची वडी पीएच ९-१० च्या घरात असते. ती वापरत राहिलात तर लेदर आणि त्यावरचा थर दोघांचेही नुकसान होते. अडचणीलाच काही वापरायचे तर बाळाच्या सौम्य शांपूचे दोन-तीन थेंब वाटीभर कोमट पाण्यात टाका, फडके त्यात बुडवून घट्ट पिळा, पुसा आणि मग नुसत्या पाण्याच्या फडक्याने तो साबण काढून टाका.

टूथपेस्ट, खायचा सोडा, भांड्यांची घासणी आणि तो पांढरा ‘जादूचा’ स्पंज, हे सगळे खरवडून साफ करतात. डाग जातो आणि डागासोबत वरचा थरही. थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव्य आणि ब्लीच यांना गाडीजवळही आणू नका. हाताचे सॅनिटायझर सुकायच्या आधी सीटला हात टेकला तर तिथे फिका ठसा पडू शकतो, म्हणून हात आधी सुकू द्या.

खोबरेल तेल लावले तर लेदर मऊ राहते म्हणतात. खरे का?

हा प्रश्न इथे सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा अनुभवही खोटा नसतो. घरात कोल्हापुरी चपलेला तेल लावलेले त्याने पाहिलेले असते. पण कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते आणि त्यावर प्लास्टिकचा थर नसतो. ते तेल पिते. तुमच्या गाडीच्या सीटवरून तेल आत जायला वाटच नाही. ते वर राहते, धूळ धरते, कपड्यांना लागते आणि हळूहळू खवट वास देते. जिथे थराला भेगा पडल्या आहेत तिथे मात्र ते आत शिरते आणि काळे डाग पाडते. पुढे रंगकाम करायची वेळ आली की तेल प्यायलेल्या जागेवर रंग धरत नाही.

त्यात आपला पावसाळा. सीटवर राहिलेला तेलकट थर बुरशीला आयतेच खाद्य असतो. तेव्हा खोबरेल, तिळेल, ऑलिव्ह, कुठलेच तेल नको. आधीच लावले असेल तर घाबरू नका: वर सांगितलेल्या पद्धतीने, एकदम जोर न लावता, थोड्या थोड्या दिवसांनी क्लीनरने पुसत गेलात की बरेचसे निघते.

कंडिशनर मग लावायचाच नाही का?

लावायचा, पण त्याच्याकडून काय मिळते हे समजून. थर शाबूत असलेल्या सीटमध्ये कंडिशनर फारसा आत मुरत नाही. तो वरच्या थराला थोडी लवचिकता देतो, घसट कमी करतो आणि पुढचा मळ सहज निघेल अशी सोय करतो. पडलेली भेग तो भरत नाही आणि गेलेला रंग परत आणत नाही.

गोव्यात वर्षातून दोनदा पुरे. एकदा पावसाळा पूर्ण संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, आणि एकदा उन्हाळा चढण्याआधी, मार्चच्या आसपास. जून ते सप्टेंबर अजिबात नको. नेहमी साफ केलेल्या, पूर्ण सुकलेल्या सीटवर, पाण्यावर आधारलेला आणि तेलकट न वाटणारा कंडिशनर घ्या. एका सीटला नाण्याएवढा थेंब घेऊन स्पंजने पातळ पसरवा आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने उरलेला सगळा पुसून काढा. हात फिरवल्यावर बोट घसरले तर जास्त झाला आहे. डॅशबोर्ड चमकवायचे सिलिकॉनचे पॉलिश सीटवर लावू नका. सीट निसरडी होते आणि नंतरच्या रंगकामाला त्रास देते.

पावसाळ्यात सीटवर पांढरी बुरशी येते. काय करावे?

गाडी आठ-दहा दिवस बंद राहिली की चवथीच्या आधी कुणाच्या ना कुणाच्या गाडीत हे दिसतेच. दार उघडताच कोंदट वास येतो आणि उशीखाली, शिवणीच्या कडेने, सीटबेल्टवर पिठूळ ठिपके दिसतात. बुरशीचे बीज हवेत कायम असते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली आणि मळ-घामाचे खाद्य मिळाले की ती वाढते.

गाडी उघड्यावर आणा, पावसाने उघडीप दिली असेल तेव्हा. तोंडाला मास्क बांधा. ओले फडके लगेच फिरवू नका, त्याने बुरशी शिवणीत आणि भोकांत ढकलली जाते. आधी व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रशने कोरडीच बाहेर झाडा. मग लेदर क्लीनर. त्यानंतर पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन, फडके घट्ट पिळून एकदा पुसा. दहा मिनिटांनी साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा. मग पूर्ण सुकवा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून तोही पुसा आणि सुकल्याशिवाय आत सोडू नका.

पण एवढे करून पंधरा दिवसांत बुरशी परत आली तर दोष सीटचा नाही. पायाखालचे मॅट उचला आणि गालिच्यावर तळहात दाबा. ओल लागली तर पाणी कुठून तरी आत येते आहे: दाराचे रबर, तुंबलेली एसीची नळी किंवा सनरूफच्या कोपऱ्यातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. आंबा-फणसाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या या नळ्या पाल्याने हमखास तुंबतात. ते पाणी थांबवल्याशिवाय सीट पुसण्यात अर्थ नाही.

प्रतिबंध म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी गाडी अर्धा तास एसी लावून चालवा. आतलीच हवा फिरवायचे बटण बंद ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाते. ओली छत्री आणि रेनकोट मागच्या सीटवर ठेवू नका. सिलिका जेलच्या पिशव्या थोडीफार मदत करतात, पण त्या भरल्या की सुकवाव्या लागतात. भरलेली पिशवी नुसती पडून राहिली तर तिचा काही उपयोग नाही.

मुले समुद्रावरून ओल्या कपड्यांनीच सीटवर बसतात. काही होते का?

होते. समुद्राचे पाणी सुकते, मीठ राहते. मीठ हवेतली ओल धरून ठेवते, त्यामुळे ती जागा कायम चिकट आणि दमट लागते. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि कोरडे करा, एवढ्याने भागते. रेती मात्र आधी झाडून किंवा व्हॅक्यूमने काढा. मिरामार असो की पाळोळे, सीटवर एक जाड टॉवेल अंथरायची सवय मुलांना लावा. सनस्क्रीन लावलेल्या उघड्या पायांनाही तोच उपाय. त्यातल्या तेलाने फिकट सीट पिवळट पडतात.

हळद, सोलकढी, फेणी, जीन्सचा निळा रंग, हे डाग कसे काढायचे?

पहिली पाच मिनिटे सगळ्यात मोलाची. टिपा, घासू नका, आणि डागाच्या बाहेरून आत या.

हळदीला साबण लावू नका, अल्कलीने ती लाल होते. लेदर क्लीनरने वरचे निघेल तेवढे काढा आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा. हळदीचा रंग उन्हात उडतो. सोलकढीत नारळाचे दूधही असते, म्हणून कोकमाचा रंग गेला तरी तेलकट भाग पुन्हा क्लीनरने काढा, नाहीतर वास येतो. फेणी सांडली तर लगेच टिपून पाण्याच्या फडक्याने पुसा. तीव्र मद्यार्काने वरचा थर मऊ पडू शकतो, आणि तेवढ्यात कुणी त्यावर बसले तर पँटची वीणसुद्धा उमटते.

जीन्सचा निळा रंग लागल्यापासून आठवड्याभरात पुसला तर क्लीनरने जातो. वर्षभर बसलेला जात नाही, कारण तो थरातच मुरतो. बॉलपेनची शाई अशीच हट्टी आहे. स्पिरिटने ती जाते हे खरे, पण सीटच्या रंगासकट. क्लीनरने दोनदा प्रयत्न करा, आणि नाही गेली तर रेघ राहू द्या.

आणि एक खास आपल्याकडचे. माटोळीसाठी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी, केळीचे घड, सुपारीचे शिपटे, रानफळे गाडीतून आणताना खाली जाड गोणपाट आणि त्याखाली प्लास्टिक टाका. केळीच्या चिकाचा तपकिरी डाग कपड्यावरून जात नाही तसा सीटवरूनही जात नाही. काजूच्या टरफलातले तेल त्याहून वाईट, ते कातडीलाही भाजते.

मासळीच्या पिशवीतले पाणी सीटवर गळले. वास जात नाही.

वास लेदरला नसतो, खालच्या फोमला असतो. बांगड्यांच्या पिशवीतले बर्फाचे पाणी शिवणीतून आत उतरलेले असते. वरून अत्तर फवारून काही होत नाही. शिवणीवर कोरडी फडकी दाबून दाबून जेवढे पाणी ओढता येईल तेवढे ओढा. माशाचा वास अल्कधर्मी असतो, त्यामुळे पातळ व्हिनेगरचे पिळलेले फडके त्यावर काम करते. जास्त आत गेले असेल तर सीटचे आवरण उतरवून फोम धुणे हाच खरा उपाय. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. बऱ्याच गाड्यांत सीटच्या खाली पिवळ्या रंगाची जोडणी असते. ती एअरबॅगची. तिला हात लावायचा नाही.

रंग गेला आहे, भेगा पडल्या आहेत. वाचेल का?

रंग गेलेला असेल आणि भेगा केसाएवढ्या असतील तर नक्की वाचेल, आणि आवरण बदलण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडते. क्रम असा: तेल-मळ पूर्ण काढणे, खरखरीत कडा ८०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने गुळगुळीत करणे, भेगांत लवचिक फिलर पातळ थरांत भरणे, मग लेदरचाच पाण्यावर आधारलेला रंग स्पंजने किंवा स्प्रेने तीन-चार पातळ हातांत देणे आणि शेवटी मॅट पारदर्शक थर. प्रत्येक हात पूर्ण सुकवावा लागतो. त्यामुळे हे काम नोव्हेंबर ते मे या काळात करा. भर पावसाळ्यात केलेला रंग चिकट राहतो. चपलेचे पॉलिश किंवा कापडाचा रंग लावू नका. तो पँटला लागत राहतो.

कातडे फाटून आतला फोम दिसत असेल तर रंगाने काही होणार नाही. तो तुकडा बदलून शिवावा लागतो. पूर्ण सीट बदलायची गरज मात्र क्वचितच असते.

माझ्या सीटचे पापुद्रे सुटून पडताहेत. कुठले कंडिशनर लावू?

कुठलेच नको. पापुद्रे सुटतात ती बहुधा पॉलियुरेथेनची कृत्रिम सीट असते. दमट आणि उष्ण हवेत ते प्लास्टिक आतून विघटित होते आणि एकदा सुरुवात झाली की थांबत नाही. पैसे नव्या आवरणासाठी ठेवा.

वरून सीट कव्हर घातले तर?

गोव्यात आम्ही सहसा घालू नका असे सांगतो. कव्हर आणि सीट यांच्यामध्ये घाम आणि ओल अडकते आणि बुरशी दिसत नसल्यामुळे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी पट्टी असेल तर सगळीकडून बंद होणारे कव्हर धोक्याचे आहे, अपघातात एअरबॅग वेळेवर उघडणार नाही.

बारीक भोके असलेल्या, हवा देणाऱ्या सीटला वेगळे काही?

द्रव कमी. क्लीनर फक्त फडक्यावर, कंडिशनर नावापुरता. भोकांत बसलेला पांढरा कंडिशनर काढायला दात कोरायची काडी आणि भरपूर चिकाटी लागते.

काम बाहेर द्यायचे असेल तर काय विचारावे?

रंग कशावर आधारलेला वापरता, शेवटचा थर कुठला, आणि गाडी किती वेळ ठेवून घेणार. दोन तासांत सीट रंगवून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका, नीट सुकायलाच एक दिवस जातो. आधी केलेल्या कामाची सहा महिन्यांनंतरची गाडी पाहायला मागा. त्या सीटच्या उजव्या उंचवट्यावर ओले पांढरे फडके घासून पाहा, रंग लागला नाही तर गाडी द्यायला हरकत नाही.